जॉर्ज वॉशिंग्टन यांचं मूळ घर इंग्लंडमध्ये अजून उभं आहे, हे खरं का?

हो, आहे. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्ह या खेड्यात. इंग्लंडला राहत असताना मी दोनदा जाऊन आलो. पण 'मूळ घर' म्हणायला मात्र माझं मन पटकन तयार होत नाही.

हे कूळ मूळचं उत्तरेतल्या डरहॅमकडचं. बाराव्या शतकात हार्टबर्नच्या विल्यमला वेसिंग्टन गावची जमीन मिळाली आणि त्याने जुनं नाव सोडून या गावाचं नाव लावलं. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतं, तसंच. तेच गाव आजचं, इंग्लंडमधलंच, वॉशिंग्टन.

सल्ग्रेव्हचा वाडा पुष्कळ नंतरचा. तो बांधला लॉरेन्स वॉशिंग्टनने. हा लोकरीचा व्यापारी, दोनदा नॉर्थॅम्प्टनचा महापौर झालेला. आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्यातली ही जमीन लॉरेन्सने १५३९ मध्ये ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला विकत घेतली. म्हणजे ही पिढीजात जहागीर नव्हे, व्यापारात कमावलेल्या पैशाचं घर. मला ते त्यासाठीच आवडतं.

लॉरेन्सचा पणतू, त्याचंही नाव लॉरेन्सच, एसेक्समध्ये पर्लीला धर्मगुरू होता. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांनी, त्याला पदावरून काढलं आणि कुटुंबाचे हाल झाले. त्याचा मुलगा जॉन १६५६ मध्ये व्हर्जिनियाला निघाला आणि तिकडचाच झाला. हा जॉन म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा. इकडे १६५९ मध्ये वाडाही वंशजांच्या हातून गेला.

जॉर्ज स्वतः कधी इंग्लंडला गेले नाहीत. १७९२ मध्ये लंडनहून वंशावळीची चौकशी आली, तेव्हा त्यांनी कळवलं की या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही; पूर्वज उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आले, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

वाडा वाचला तो ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या शांततेला शंभर वर्षं झाली म्हणून. १९१४ मध्ये वर्गणी काढून तो विकत घेतला, दुरुस्त केला आणि १९२१ मध्ये लोकांसाठी उघडला.

गेलात तर दारापाशी जरा वेळ थांबा. चौकटीवरच्या कोपऱ्यात घराण्याचं चिन्ह कोरलंय: दोन आडवे पट्टे, वर तीन तारे. पाऊसवाऱ्याने पार झिजलंय, पण ओळखू येतं. अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर १९३८ पासून तेच आहे.