'हो' म्हणण्याआधी

मिरज

प्रिय पोरी,

कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागल्याचा तुझा मेसेज वाचला आणि डोळे भरून आले. पण मुलाखतीत कानाचं मशीन केसांखाली लपवलंस, ते मला आवडलं नाही. का, ते सांगतो.

माझ्या पहिल्या कारखान्यात सुपरवायझर म्हणाले, "आधी सात नग काढून दाखव." लेथच्या आवाजात मला 'साठ' वाटलं. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. खात्री नव्हती, तरी मान डोलावली. माप चुकलेलं होतं. दुपारी साठच्या साठ नग भंगारात गेले. सुपरवायझर रागावले, पण मला कमी ऐकू येतं हे त्यांना कुठे ठाऊक होतं? मी सांगितलंच नव्हतं.

तू पहिल्याच आठवड्यात सांग. नुसतं "ऐकू येत नाही" म्हणून थांबू नकोस, काय हवं तेही सांग. मापं आणि नगांची संख्या जॉब कार्डवर लिहून द्या. बोलताना समोर या, खिडकीकडे पाठ करू नका. चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत. ओरडू नका, त्यानं ओठांचा आकार बिघडतो. मीटिंगचे मुद्दे आधी व्हॉट्सॲपवर टाका. आणि आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा हवाच. तो मागताना अजिबात संकोचू नकोस, जिवाचा प्रश्न आहे.

मशीन लावलं की सगळं ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. शांत खोलीत बरंच येतंही. शॉप फ्लोअरवर मात्र ते बोलण्याबरोबर खडखडाटही वाढवतं. हे दहा वेळा समजावावं लागेल. समजाव.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 21 वाचून ठेव. खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार तेही त्यात लिहावं लागतं. एचआरकडे त्याची प्रत माग. भांडायला नव्हे, तुझ्या अर्जाला आधार म्हणून. अर्ज मेलवरच कर. तोंडी बोलण्यातलं निम्मं आपल्या हातून निसटतं, हे तुला मी काय सांगू!

पाऊस सुरू झालाय, मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवत जा. रविवारी घरी ये. अर्ज समोरासमोर बसून लिहू.

तुझा,
काका