शहर सोडून कोकणात जमीन घ्यायची आणि स्वतःच्या विजेवर, स्वतःच्या पाण्यावर कुटुंबासह राहायचं, हे जमेल का?

जमेल, पण जमीन पावसाळ्यात बघून भुलू नका, मे महिन्यात बघा. कोकणात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडात पाणी टिकत नाही आणि शिमग्यानंतर कित्येक विहिरी तळ गाठतात. वाडीतल्या बायकांना विचारा, पाण्याचं खरं त्याच सांगतील. छतावरच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे: १०० चौरस मीटर छतावर १००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर. पाणी भरपूर आहे, साठवायचं कुठे हा प्रश्न. चौघांना मिळून रोज २०० लिटर धरले तरी कोरड्या चार महिन्यांसाठी २४,००० लिटरची टाकी लागते. झाडांचं पाणी वेगळंच.

सोलरचं मात्र उलट. १ किलोवॉटचे पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४ युनिट देतात. जुलैत सलग आठवडाभर ऊन दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच घर ओलं, अंधारं असतं. महावितरणचं कनेक्शन असेल तर निदान पहिली दोन वर्षं ते ठेवाच.

महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. घरात कोणाच्या नावावर सातबारा नसेल तर बिगरशेती प्लॉट शोधा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं असतात. सगळ्यांच्या सह्यांशिवाय इसाराचे पैसे देऊ नका.

आणि बांधकामाआधी एक पावसाळा त्याच गावात भाड्याने राहा, मुलांना घेऊन.