गाडीघोडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साताऱ्यात जुनी नेक्सॉन ईव्ही (टाटाची विजेवरची गाडी) घेतली, २०२० ची. फुल चार्जला मीटर २१० किलोमीटर दाखवतो. जाहिरातीत ३१२ होते. फसले का मी?

उत्तर : नाही हो ताई. ३१२ हा चाचणीतला आकडा; रस्त्यावर तेवढे नवी गाडीही देत नव्हती. आणि मीटरचा आकडा मागच्या मालकाच्या पायावरही ठरतो. तो गाडी जोरात हाकणारा असेल, तर अंदाज कमीच येणार. महिनाभर तुमच्या पद्धतीने चालवा, मग बोलू.

खरी काळजी घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटची घ्या. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. रात्री चार्जिंग सुरू असताना तासाभराने प्लग हाताला चटका देत असेल, तर लगेच बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. अधूनमधून घरीच, सावकाश, शंभर टक्के चार्ज करा. या बॅटरीतल्या सगळ्या सेलचा चार्ज त्याने सारखा होतो.

पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढाला बॅटरीचे टक्के भराभर उतरतील. घाबरू नका, उताराला थोडे परत मिळतात.

बाकी, बॉनेटखालची साधी बारा व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर बदला. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. विमा नावावर केलात ना? मुदत चौदा दिवसांचीच असते.