डीव्हीडीतली कॅप्शन्स गेली कुठे?

प्रश्न: आईला कमी ऐकू येतं, अमेरिकेहून आलेल्या डीव्हीडी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एमपी४ फाइल केल्या तर टीव्हीवर खालची अक्षरंच गायब, काय करू? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: अहो, ती घ्यायचीच राहिली! डीव्हीडीतली सबटायटल्स म्हणजे चित्रं, क्लोज्ड कॅप्शन (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची अक्षरं) मात्र टेक्स्ट, तेही डीव्हीडीच्या एमपेग-२ व्हिडिओच्याच पोटात दडलेलं, त्यामुळे नुसतं कन्व्हर्ट केलं की जातंच. हँडब्रेकच्या सबटायटल्स टॅबमध्ये 'सीसी६०८' हा क्लोज्ड कॅप्शनचा ट्रॅक आधी जोडा, बर्नवर (अक्षरं चित्रातच कायमची छापण्यावर) टिक अजिबात नको, म्हणजे आईंना हवं तेव्हा चालू-बंद करता येईल. ट्रॅक दिसलाच नाही तर डीव्हीडीतली व्हीओबी (व्हिडिओची) फाइल सीसीएक्स्ट्रॅक्टर या कॅप्शन काढणाऱ्या सॉफ्टवेअरला देऊन बघा, एसआरटी (सबटायटल्सची टेक्स्ट फाइल) निघाली तर तिला सिनेमाच्या फाइलचंच नाव देऊन पेनड्राइव्हवर शेजारी ठेवा. चित्रवाली सबटायटल्स असतील तर एमपी४ऐवजी एमकेव्ही हा फाइल-प्रकार बरा, एमपी४मधली बऱ्याच टीव्हींना दिसतच नाहीत.