पहिलं बाळ, घरात मोठं कुणी नाही: सातव्या महिन्यापासून काय काय मार्गी लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोला सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ, दोघंही पुण्यात नोकरीला, सासू-सासरे जवळ नाहीत, तिचं माहेर लातूरला. रोजच्या दिनक्रमात काय बदलायचं आणि तयारी कुठून सुरू करायची?

खरेदीपासून सुरू करू नका. पाळणा, बाबागाडी, बाटल्या तापवायचं यंत्र यातलं काहीही पहिल्या महिन्यात अडत नाही. आधी ठरवा की बाळंतपण कुठे करायचं. डॉक्टर, विमा, रजा, मदतीला कोण येणार, सगळं त्यावर अवलंबून आहे आणि हा निर्णय याच महिन्यात व्हायला हवा. डोहाळजेवण झालं की बघू, असं म्हणत बरीच जोडपी नववा महिना गाठतात.

माहेरी जायचं असेल तर बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान गेलेलं बरं. पुणे ते लातूर तीनशेहून जास्त किलोमीटर आहे आणि सदतीस आठवड्यांनंतर कळा कधीही सुरू होऊ शकतात. शिवाय तिथल्या डॉक्टरांना तिचं बीपी, वजन, बाळाची वाढ सलग दोन-चार वेळा बघायला मिळाली पाहिजे. निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, बीपी चढतं असेल किंवा जुळी असतील तर प्रवासाचं गणित वेगळं. रेल्वेत गरोदर बायकांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो. गाडीने जाणार असाल तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं, कारण एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या काळात वाढलेला असतो. सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांवर, आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने.

हॉस्पिटल पुण्यातलं असो की लातूरचं, प्रश्न तेच. रात्री दोन वाजता सीझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त कुठून येतं? बाळाला अतिदक्षता लागली तर ती त्याच इमारतीत आहे की बाळाला दुसरीकडे हलवावं लागेल? खोलीचे रंग आणि जेवणाचा मेन्यू सगळेच दाखवतात, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सीझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. त्या गाडीसाठी १०२, एरवीच्या तातडीसाठी १०८. हे दोन्ही नंबर दोघांच्याही फोनमध्ये आत्ताच टाका.

विम्याचं काम नवऱ्याने अंगावर घ्यावं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाला वेगळी मर्यादा असते, आणि ती मूळ विम्याच्या रकमेपेक्षा खूपच कमी असू शकते. एचआरला चार गोष्टी लेखी विचारा: नॉर्मलला किती, सीझरला किती, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि त्याचं नाव किती दिवसांत जोडायचं. खोलीभाड्याची मर्यादा तर नक्कीच बघा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. भाड्याची मर्यादा चार हजार आणि खोली आठ हजारांची असेल, तर अशा बिलाचे निम्मेच पैसे विम्यातून मिळतात. आणि कॅशलेस मंजूर असलं तरी रात्री विम्याचा डेस्क बंद असू शकतो. अशा वेळी डिपॉझिट भरावं लागतं, तेवढी सोय खात्यात आणि कार्डाच्या लिमिटमध्ये असू द्या.

रजेचं सोपं आहे. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी मातृत्व रजा २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. खासगी नोकरीतल्या वडिलांना रजा द्यायची कायद्याची सक्ती नाही, कंपनीच्या धोरणावर आहे. जी काही मिळेल ती सगळी पहिल्या आठवड्यात उडवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा घरात आजी असते, पाहुणे असतात, सगळे हाताशी असतात. आजी परत गेली की खरी गरज पडते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात, पण कायद्यानुसार पगारी मातृत्व रजा मिळत असेल तर ती योजना लागू नाही. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता रोजचं. सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांच्या वेळांचा होतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की कॅल्शियम लोह शोषू देत नाही, आणि चहा-कॉफीने तर लोह जवळपास वायाच जातं. नोकरी करणाऱ्या बाईला झेपेल अशी मांडणी अशी: सकाळी नाश्त्याबरोबर काय तो चहा, नऊच्या आत. अकरा वाजता ऑफिसात सगळे चहाला उठतात तेव्हा लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर किंवा सोबत आवळा. दुपारच्या डब्यानंतर कॅल्शियमची एक, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उठल्याउठल्या रिकाम्या पोटी. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं, आणि वरच्या वेळापत्रकात ते आपोआप बसतं. लोहाने शौचाला काळी होते, घाबरायचं कारण नाही. बद्धकोष्ठ झालं म्हणून गोळी मात्र परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, पाणी आणि पालेभाज्या वाढवा. या काळात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. बाळंतपणात रक्त जातंच, त्यामुळे भर टाकायची ती आत्ता.

साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते. राहिली असेल तर या आठवड्यात उरका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याच्या वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह. पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या आसपास अँटी-डी इंजेक्शन असतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. हे डॉक्टर सांगतातच, पण मधेच गाव बदललं की नेमकं हेच राहून जातं.

आणखी एक हमखास गोंधळ सोनोग्राफीतल्या तारखेचा. प्रत्येक रिपोर्टवर प्रसूतीची तारीख थोडी वेगळी दिसते आणि घरात चर्चा सुरू होते. खरी धरायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरलेली. शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी बाळाच्या मापावरून अंदाज बांधते, आणि त्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. म्हणून तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

बाळाच्या हालचाली आता रोज मोजायच्या. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून, टीव्ही-फोन बाजूला ठेवून: लाथ, वळणं, ढुशी, सगळं धरून दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासातच होतात. नाही झाल्या, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. शेवटी शेवटी जागा कमी म्हणून बाळ हलत नाही हे चूक आहे. हालचालींची तऱ्हा बदलते, त्या कमी होत नाहीत.

घरात दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या उंचीवर, आणि बोलायचं नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. १६०-११० ला फोन करत बसू नका, थेट निघा. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा-हात अचानक सुजणं, बरगड्यांखाली दुखणं, ही गरोदरपणात चढणाऱ्या बीपीच्या दुखण्याची लक्षणं. तिथे बीपी नॉर्मल दिसलं तरी दाखवायचं. तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज यकृताची असू शकते, तिला घामोळं समजून पावडर लावत बसू नये.

बॅग ३५ व्या आठवड्यापर्यंत भरलेली असावी, आणि ती नवऱ्याने भरावी. हॉस्पिटलात ऐन वेळी गाऊन कुठल्या कप्प्यात आहे हे त्यालाच शोधायचंय. फाइल, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड एका पिशवीत. तिच्यासाठी पुढून उघडणारे तीन-चार गाऊन, मोठे पॅड दोन पाकिटं, गडद रंगाचे आतले कपडे, चपला, लांब वायरीचा चार्जर. बाळासाठी सहा झबली, चार दुपटी, तीन टोपरी आणि लंगोट. लंगोटांना जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी उत्तम. साडेपाच मीटरच्या साडीचे पाच चौकोन होतात. ते दुपट्यांना चालतात. त्यांचे प्रत्येकी चार केले की वीस लंगोट. कडा दुमडून शिवून घ्या, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं. हातमोजेही आतून उलटे करून याच कारणासाठी तपासायचे. सगळं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. आणि ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेले कुणाचे तरी जुने कपडे, गोधड्या आल्या तर त्या बाळाला लावूच नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानेसुद्धा फुटतात आणि कावीळ वाढते.

कधी निघायचं? पहिलटकरणीच्या कळा बराच वेळ चालतात. दर पाच मिनिटांनी, एक मिनिट टिकणाऱ्या, तासभर सलग येत असतील तर निघा. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबणाऱ्या कळा बहुधा खोट्या. मात्र ३७ आठवड्यांच्या आधी नियमित कळा आल्या तर हा तासाचा नियम लावायचा नाही, लगेच निघायचं. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी जायचं: पॅड लावा, वेळ लिहा, रंग बघा. हिरवट असेल किंवा रक्त जात असेल तर एक मिनिटही थांबू नका. हॉस्पिटलचं रात्री कुठलं फाटक उघडं असतं हे एकदा रात्री जाऊनच बघून या.

जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, तेवढाच पुरतो. मध चाटवायचा नाही, वर्षभर नाही. गुटी, पाणी, काही नाही, सहा महिने फक्त अंगावरचं. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून कळत नाही, लंगोटावरून कळतं: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू. मालीशवाल्या बाईला आत्ताच सांगून ठेवा, चांगल्या बायका महिना-महिना आधी ठरलेल्या असतात. नाका-कानात तेल, काजळ, आणि बाळाची छाती पिळणं यांना नम्रपणे नाही म्हणायचं. शेक-शेगडी किंवा ओवा-शेपांची धुरी बंद फ्लॅटमध्ये नकोच. जुन्या घरांत कौलांतून हवा खेळायची. इथे खिडक्या लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्या. डिंकाचे, अळिवाचे लाडू भरपूर खाऊ दे; मधुमेह निघाला असेल तर साखर-गूळ डॉक्टरांना विचारून. आणि तिचं मन दोन आठवड्यांहून जास्त उतरलेलं राहिलं, झोप येत नसेल, बाळाची ओढ वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर बोला. तो मोफत आहे.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये झालं तर ती माहिती हॉस्पिटलच पाठवतं, पण तुमच्याकडून भरून घेतलेल्या फॉर्मवरून. तो फॉर्म घाईत सही करून देऊ नका. दोघांच्या नावांचं इंग्रजी-मराठी स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा, पत्ता बघा, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रातल्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने येतं, म्हणून तिचं नाव कागदोपत्री माहेरचं आहे की लग्नानंतरचं हे आधी ठरवा. बारशाला उशीर असला तरी चालेल. बाळाच्या नावाशिवाय नोंद होते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येतं.