थंडी सरताना शहरात कावळे-कबुतरांखेरीज कोणते पक्षी दिसतात?

तुम्ही विचारलंय, की जवळ जंगल नाही, तळं नाही, दुर्बीणही नाही, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घराच्या आसपासच पक्षी बघायला सुरुवात कशी करायची? माझ्या मते याहून चांगले दिवस नाहीत. हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात आणि इथले रहिवासी विणीच्या तयारीला लागलेले असतात. त्यात अनेक झाडांची पानं झडलेली असतात, त्यामुळे एरवी दडून बसणारा पक्षी उघड्या फांदीवर सापडतो.

चिमणीपासूनच सुरुवात करा. थंडीत नराच्या गळ्याखालचा काळा डाग पुसट दिसतो, कारण तिथल्या पिसांची टोकं फिकट असतात. विणीचा हंगाम जवळ येतो तशी ती टोकं झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. नवं पीस एकही येत नाही. चोचही हळूहळू काळी होते. हे सगळं खिडकीतून दिसतं.

फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा जांभळ्या शिंजिराचं (सनबर्ड) उलट आहे, तो खरोखरच पिसं बदलतो. विणीबाहेरच्या काळात नर मादीसारखाच पिवळट असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा. थंडी सरताना तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो, अर्धा पिवळा, अर्धा चमकता जांभळा-काळा. नवख्याला ही वेगळीच जात वाटते. मला तर पूर्ण रंगात आलेल्या नरापेक्षा हा मधल्या अवस्थेतला जास्त आवडतो, कारण ऋतू बदलतोय हे त्याच्या अंगावरच वाचता येतं.

पण या दिवसांत खरं काम डोळ्यांपेक्षा कानांचं. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरात विणीची संप्रेरकं वाढतात आणि नर गाऊ लागतात. हिवाळाभर गप्प असलेला दयाळ पहाटे एखाद्या अँटेनावर बसून लांबलचक शीळ घालतो. कोकीळही कंठ फोडतो. ‘कुहू’ म्हणणारा काळा, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. ठिपकेदार तपकिरी मादीचा आवाज वेगळा, घाईघाईचा ‘किक् किक् किक्’. आणि तांबट! तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक् टुक् टुक्’ आवाज तासन्‌तास चालतो, पण पक्षी काही केल्या सापडत नाही. तो ओरडताना मान इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाजाची दिशा फसवते. अशा वेळी झाडाचा निष्पर्ण शेंडा बघा. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका.

पाहुण्यांपैकी शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा, शेपटी वरखाली करत चालणारा धोबी आणि पानांत ‘चिस्-वी’ करणारा छोटा हिरवट वटवट्या, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ. जवळपास सावर किंवा पांगारा फुललेला असेल तर सकाळी अर्धा तास तिथेच उभे राहा. मधासाठी बुलबुल, मैना, शिंजीर येतातच, शिवाय गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा उतरू शकतो. त्या मध्य आशियाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परततात.

रोज एकाच वाटेवर 15 मिनिटं, सूर्य पाठीशी ठेवून चाला आणि तारखेसह लिहून ठेवा. नवा कोण दिसला एवढंच नको. दयाळ पहिल्यांदा कधी गायला आणि धोबी शेवटचा कधी दिसला, हेही लिहा. या नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणना असते, त्यात 15 मिनिटांची यादीही चालते.

एक कळकळीची विनंती. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या काळात नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो सगळं सोडून त्याला हुसकायला धावतो. घरट्याचे फोटोही नकोत, कारण आपली ये-जा कावळा बघत असतो आणि त्याला घरटं सापडतं. आणि आवारातली वाळकी फांदी तोडायला कुणी आलं, तर आधी तिची खालची बाजू बघायला सांगा. तिथे छोटं गोल भोक असेल, तर ते तांबटाचं घर असू शकतं.