चार महिने दुर्लक्षित राहिलेली ६० लिटरची प्रवाळ-टाकी पुन्हा कशी सावरावी?
टाकी एका दिवसात लख्ख करण्याचा मोह आधी आवरावा, कारण दगडांवर वसलेले जिवाणूच अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करत असतात आणि दगड नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतले की ते मरून उरलेसुरले मासेही दगावू शकतात. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मात्र मागेच राहते. त्यामुळे ही घट आरओ-डीआय गाळणीच्या (जी पाण्यातले क्षार व अशुद्धी काढून टाकते) गोड्या पाण्याने भरावी आणि क्षारता काही दिवसांत हळूहळू सुमारे ३५ पीपीटीवर (दर हजार भागांत ३५ भाग मीठ) आणावी. पुढे दर आठवड्याला १० टक्के पाणी, आधीच मीठ मिसळून २५-२६ अंशांवर आणलेले, बदलत राहावे. शेवाळ काही काळ छळेलच. नवे प्रवाळ मालवणच्या समुद्रातून मात्र मुळीच आणू नयेत, कारण दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.